भाषांची भिंत आणि दोघांचा राजीनामा

सर्व मराठी भाषकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की गेल्या हिवाळ्यात नोएडामधल्या एका ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर, सकाळचा चहा आणि दुपारचं जेवण यांच्या दरम्यान, आपल्या मातृभाषेचा जगातला क्रमांक अनेकदा वर-खाली झाला. कोणतीही जीवितहानी झाली नाही. एक नोकरी मात्र जायला निघाली. जनतेने शांतता राखावी आणि पुढील हकिगत वाचावी.

तर, माझ्या उजव्या हातात हिंदी होती, डाव्या हातात उर्दू होती आणि दातांत सेलोटेप होता. मी स्टुलावर उभी होते. खाली दोन माणसं भांडत होती आणि मला दोघांचंही म्हणणं पटत होतं. स्टुलावर उभं राहून दोघांचंही पटणं फार धोक्याचं असतं. माणूस दोन्हीकडे झुकतो.

आमची कंपनी भाषांतराची. औषधाच्या खोक्यातली घडीची पत्रकं, वॉशिंग मशीनची माहितीपुस्तकं, ॲपमधली बटणं, असलं सगळं आम्ही एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेतो. त्याला आता लोकलायझेशन म्हणतात. म्हणजे मजकूर असा न्यायचा, की वाचणाऱ्याला तो आपल्याच गल्लीत जन्मलेला वाटावा. मी मराठी डेस्क सांभाळते. मयूर विहारला राहते, मेट्रोने जाऊन-येऊन करते आणि दिल्लीत वीसेक वर्षं काढल्यामुळे स्वतःला हिंदीतही पंडित समजते. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या महिन्यात एक वेगळंच काम आलं. गुरुग्राममध्ये शाळकरी मुलांसाठी एक गॅलरी उभी राहत होती. तिच्यातली एक आख्खी भिंत आमच्याकडे आली. विषय, जगात सर्वाधिक बोलल्या जाणाऱ्या भाषा. प्रत्येक भाषेचा एक गोल. बोलणारे जास्त तर गोल मोठा, कमी तर लहान. गोलाच्या मधोमध बटण. मुलाने बटण दाबलं, की त्या भाषेतून 'काय, कसं काय?' ऐकू यायचं.

मी म्हटलं, बालवाडीचं काम आहे. यादी काढायची, गोल कापायचे, सुट्टी.

यादी काढायचं काम अश्विनीकडे होतं. अश्विनी साळवे, श्रीरामपूरची. स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीत आली, सगळे अटेम्प्ट देऊन झाले, एकदा मुलाखतीपर्यंत जाऊन आली आणि शेवटी आमच्याकडे रिसर्चर म्हणून लागली. प्रोबेशनवर, म्हणजे कच्ची. पक्की होण्याचं पत्र पुढच्या आठवड्यात मिळायचं होतं. तेवढ्या भरवशावर तिने मुनिरक्याच्या भाड्याच्या खोलीतली सगळी परीक्षेची पुस्तकं देऊन टाकली आणि त्या जागी एक मिक्सर आणून ठेवला होता. 'ताई, मी आता मिक्सरवाली बाई झाले,' असं तिने मला इतक्या थाटात सांगितलं होतं, की मी तिला ऑफिसात पेढा खाऊ घातला.

अश्विनी यादी घेऊन आली. एक नाही, चार.

'हे काय गं?'

'ताई, मोजायचं कोणाला, ते कोणी सांगितलंच नाही.'

'बोलणाऱ्यांना मोजायचं.'

'बोलणारा म्हणजे कोण?'

मी तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं. कारण तोपर्यंत मला वाटत होतं, की याचं उत्तर मला माहीत आहे.

आमच्या धंद्यात एल-वन आणि एल-टू असे दोन शब्द आहेत. एल-वन म्हणजे दुधाबरोबर आलेली भाषा. एल-टू म्हणजे नंतर शाळेत, नोकरीत, लग्नात किंवा नाइलाजाने आलेली. नुसती एल-वन मोजली, तर चीनची मँडरिन पहिली येते आणि इंग्रजी मुकाट मागे उभी राहते. एल-टूवाले मिळवले, की इंग्रजी एकदम सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसते. जग तेच, माणसं तीच. प्रश्न बदलला, की पहिला नंबर बदलतो.

बरं, तिथेही थांबत नाही. अरबी एक धरायची, की प्रत्येक देशाची वेगळी? मोरोक्कोचा माणूस आणि इराकचा माणूस घरगुती गप्पा मारायला बसले, तर म्हणे एकमेकांची तोंडं बघत बसतील. आणि आपली मराठी एका यादीत दहाच्या आसपास, दुसरीत पंधराच्या आसपास. मी चारही याद्या शेजारी ठेवून बघितल्या, तेव्हा मला लिफ्टमध्ये उभं असल्यासारखं वाटलं.

शिवाय मनात एक खाजगी शंका. माझा मुलगा यात मराठी म्हणून धरायचा का? जन्म दिल्लीचा, घरी मराठी बोलतो. पण परवा मी त्याला म्हटलं, 'उंबऱ्यावर बसू नकोस रे,' तर मोबाइलमधून डोकंही न काढता म्हणाला, 'आई, यार, हा उंबरा कौन है?' हा अर्धा मोजायचा, की पाव?

शेवटी ठरलं, की आधी मॉक-अप करू. मॉक-अप म्हणजे खऱ्या कामाची कागदी रंगीत तालीम. कॉन्फरन्स रूमच्या भिंतीवर रंगीत कागदाचे गोल लावायचे, लांबून बघायचे, आणि दुसऱ्या दिवशी क्लायंट येईल तेव्हा त्याला दाखवायचे. म्हणून मी त्या स्टुलावर होते.

आणि तेवढ्यात हिंदी डेस्कचे त्रिपाठी जी आत आले.

त्रिपाठी जी देवरियाकडचे. सज्जन, गोल चेहऱ्याचे, गळ्यात मफलर. बारा महिने मफलर. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, 'यह क्या? हिंदी-उर्दू अलग-अलग? मैडम, बाज़ार में दोनों एक हैं। जोड़ दीजिए। फिर देखिए हिंदी कहाँ पहुँचती है।'

अश्विनी म्हणाली, 'सर, लिपि अलग है, लोग ख़ुद को अलग लिखवाते हैं।'

'लिखवाने से क्या होता है? बोलते तो एक ही हैं।'

'ठीक है। बोलने से ही गिनेंगे, तो हिंदी के गोले में से बहुत लोग निकालने पड़ेंगे। भोजपुरी वाले, मैथिली वाले, मारवाड़ी वाले।'

'क्यों निकालने पड़ेंगे? वे सब हिंदी हैं।'

'आप घर पर फ़ोन करते हैं, तब तो हिंदी नहीं बोलते।'

हे खरं होतं. त्रिपाठी जी रोज दुपारी जिन्यात उभे राहून आईला फोन करतात आणि ते भोजपुरीत बोलतात. सगळ्या मजल्याला ऐकू येतं.

'वह तो अम्मा से बात है,' ते म्हणाले.

आणि इथे अश्विनीने, अगदी शास्त्रीय जिज्ञासेने, पण मुलाखतीच्या पॅनेलसमोर बोलावं तशा खणखणीत आवाजात विचारलं, 'तो सर, आपकी माताजी किस गोले में हैं?'

रूमच्या बाहेर की-बोर्ड वाजायचे थांबले.

उत्तरेत भांडणाच्या सुरात कोणाच्या आईचं नाव घेणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला समजावून सांगायला नको. वाक्य निरुपद्रवी होतं. सूर मात्र तसा नव्हता. त्रिपाठी जींच्या मफलरची दोन्ही टोकं थरथरली. 'आप माताजी तक पहुँच गईं?' ते म्हणाले. 'हमने आपको बहन समझा।' अश्विनी म्हणाली, 'सर, मैंने तो बस गोला पूछा।' 'गोला!' ते ओरडले. माझ्या हातातून उर्दू सुटली आणि गिरक्या घेत त्यांच्या पायाशी जाऊन पडली. त्यांना वाटलं, मी फेकली.

दार उघडलं. माथुर साहेब.

माथुर साहेब आमचे बॉस. वडील बुलंदशहरच्या कोर्टात वकील, त्यामुळे साहेबांच्या बोलण्यात 'लिहाज़ा' आणि 'बहरहाल' पेरलेले असतात. ते ओरडत नाहीत. त्यांनी आधी त्रिपाठी जींकडे पाहिलं, मग अश्विनीकडे, मग स्टुलावरच्या माझ्याकडे. आणि शांतपणे म्हणाले, 'शाम तक दोनों का राज़ीनामा मेरी टेबल पर आ जाए। लिखित में। बहरहाल, कल क्लायंट आ रहा है, यह शोर बंद कीजिए।'

दार बंद झालं.

त्रिपाठी जी म्हणाले, 'जी, ठीक है।' आणि निघून गेले. जेवायला.

अश्विनी तशीच उभी. मी स्टुलावरून उतरले आणि स्टुलावरच बसले.

'ताई, राजीनामा?'

'हो गं.'

'एवढ्यावर?'

'दोघांचाही म्हणाले.'

'पण हिंदीत तर इस्तीफ़ा म्हणतात ना?'

बघा, पोरीने बरोबर जागी बोट ठेवलं होतं. आणि मी, वीस वर्षांच्या अनुभवाची, काय सांगावं तिला? मी सांगितलं, 'अगं, इस्तीफ़ा आपल्यासारख्यांचा. माथुर साहेब खानदानी आहेत, ते राज़ीनामा म्हणतात. ज-खाली नुक्त्याचं टिंब लावून.' इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं, की मलाही ते पटलं.

अश्विनी खुर्चीवर बसली. 'बाबांनी गावभर सांगितलंय ताई. दिल्लीत पर्मनंट झाली म्हणून. परीक्षेत नाही झालं, तेव्हा कोणी काही बोललं नाही. आता परत गेले, तर म्हणतील, हिला दिल्लीत काहीच धरून ठेवता येत नाही.' मग म्हणाली, 'आणि मिक्सर कोणाला देऊ?'

मिक्सरवर माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी ठरवलं, लढायचं. पण आधी शत्रुपक्षाचा अंदाज घ्यावा, म्हणून पॅन्ट्रीत गेले. त्रिपाठी जी डबा उघडून बसले होते. पराठे, मुळ्याची भाजी, लोणचं. नोकरी चाललेल्या माणसाची भूक मी आजवर इतकी चांगली पाहिलेली नाही.

'त्रिपाठी जी, आप लिख रहे हैं?'

'लिखेंगे मैडम। खाना खा लें, फिर फ़ेयर करेंगे।'

'आपको बुरा नहीं लग रहा?'

'बुरा काहे का? अच्छी चीज़ है। मन हल्का हो जाता है।' त्यांनी लोणच्याची फोड उचलली. 'हमारे यहाँ तो होता ही रहता है। हमारे बड़के चाचा ने गाँव में न जाने कितने राज़ीनामे करवाए।'

'किसके?'

'पूरे ख़ानदान के।'

माझ्या डोळ्यांसमोर देवरियाचं एक आख्खं बेकार खानदान उभं राहिलं. मध्ये खाटेवर चाचा, हातात पेन.

'और… उसके बाद?'

'उसके बाद क्या, सब साथ बैठकर पूड़ी खाते हैं।'

मी परत आले आणि अश्विनीला सगळं सांगितलं. तिने ते नीट ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, 'ताई, यूपीत नोकरी सोडल्यावर पुऱ्या करतात?'

'करत असतील गं. मोठं राज्य आहे.'

मग मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. बाणेदार भाषण तयार केलं होतं. सुरुवात 'सर, अन्याय' अशी होती. पण दार उघडल्यावर माझा बाणा नेहमीसारखा बाहेरच राहिला.

'सर, वह राज़ीनामे के बारे में…'

'हाँ, अच्छा हुआ आप आ गईं। आपको भी दस्तख़त करने हैं।'

'मुझे? मैंने क्या किया सर? उर्दू हाथ से छूट गई थी।'

'गवाह के तौर पर। राज़ीनामे में गवाह तो चाहिए।'

राजीनाम्याला साक्षीदार? माझ्या डोळ्यांदेखत हिने नोकरी सोडली, असं मी लिहून द्यायचं? मी म्हटलं, 'सर, लड़की अच्छी है। इतनी छोटी-सी बात पर राज़ीनामा?'

'मैडम, छोटी बात पर ही कर लेना चाहिए। बात बढ़ जाए, तो राज़ीनामा भी नहीं होता।'

'पर दोनों का?'

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. 'एक आदमी का कहीं राज़ीनामा होता है?'

त्या क्षणी आम्ही दोघंही समोरच्याला वेड लागलंय असं समजून अत्यंत प्रेमाने एकमेकांकडे बघत होतो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, गुरुग्रामचा क्लायंट होता. फोनवर हात ठेवून ते मला म्हणाले, 'घबराइए मत। राज़ीनामे के बाद लड़की ख़ुद ख़ुश हो जाएगी, देखिएगा।'

इतकी क्रूर माणसं वरून इतकी मऊ कशी बोलतात, याचा विचार करत मी बाहेर आले.

दुपारी अश्विनीने त्रिपाठी जींची माफीही मागून पाहिली. तिचं म्हणणं होतं, की निदान त्यांची तरी नोकरी वाचावी, त्यांना दोन मुलं आहेत. माझ्यासमोरच गेली. म्हणाली, 'सर, सॉरी। माताजी को बीच में नहीं लाना था।'

ते लगेच विरघळले. 'अरे छोड़िए अश्विनी जी। आप लिख लीजिए, हम भी लिख रहे हैं। शाम को साथ ही दे देंगे, फिर चाय पिएँगे।'

ती परत आली. 'ताई, हे एकत्र राजीनामा देऊन चहा पिणार आहेत माझ्याबरोबर.'

'पी,' मी म्हटलं. 'आता काय उरलंय.'

तिने कागद घेतला. हिंदीतच लिहिलं, साहेबांनी हिंदीत मागितलं होतं म्हणून. वर मोठ्या अक्षरांत 'राज़ीनामा'. नुक्ता मीच लावायला लावला. मरायचं, तर शुद्धलेखनात मरावं.

संध्याकाळी आम्ही चौघं केबिनमध्ये जमलो. साहेब टेबलामागे. त्रिपाठी जी केस विंचरून आलेले. अश्विनीच्या हातात कागद आणि गळ्यातून काढलेलं आयडी कार्ड. मी साक्षीदार.

'पहले त्रिपाठी जी का,' साहेब म्हणाले आणि वाचायला लागले. 'हम दोनों पक्ष, बिना किसी दबाव के, यह तय करते हैं कि दीवार पर हिंदी और उर्दू के गोले अलग रहेंगे, मगर सटे रहेंगे। अश्विनी जी हमारी माताजी का ज़िक्र सम्मान से करेंगी। और मैं उनका नीला मार्कर, जो मेरे पास है, लौटा दूँगा।' साहेबांनी मान डोलावली. 'बहुत बढ़िया।'

मी गोंधळले. राजीनाम्यात मार्कर?

'अब आपका, बेटा।'

अश्विनीने कागद टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर आयडी कार्ड ठेवलं. आवाज मुळीच कापू दिला नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

साहेबांनी कार्ड बाजूला केलं. वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

'यह क्या है?'

'राज़ीनामा, सर।'

'यह तो इस्तीफ़ा है।'

'हाँ सर। राज़ीनामा।'

'नहीं बेटा, इस्तीफ़ा।'

'सर, वही तो।'

त्रिपाठी जी ताडकन उठले. मफलर खुर्चीत अडकला आणि परत बसले. 'आप नौकरी छोड़ रही हैं?' त्यांचा आवाज चिरकला. 'हमारी अम्मा के कारण?'

'पर सर, आपने भी तो छोड़ी!'

'हमने? हम काहे छोड़ेंगे?'

आणि मग, बायांनो आणि बाप्यांनो, माझ्या डोक्यात हळूहळू, पॅसेंजर गाडी फलाटाला लागावी तशी, गोष्ट येऊन थांबली.

भाषांतराच्या धंद्यात याला 'फॉल्स फ्रेंड' म्हणतात. दोन भाषांत शब्द एकच, तोंडावळा तोच, आणि अर्थ भलताच. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी मी हेच शिकवते. हिंदीत राग नुसता गातात, मराठीत येतोही. हिंदीत शिक्षा घेतात, मराठीत भोगतात. अश्विनीलाही मीच शिकवलं होतं, हातवारे करून. पण राजीनामा कधी माझ्या वाटेला आला नव्हता. हिंदी मुलखात राज़ीनामा म्हणजे तडजोड. दोन भांडणारे राजी झाले, मिटलं, असं लिहून द्यायचं. चौकीत, कोर्टात, गावच्या चावडीवर हा शब्द रोज चालतो. आणि मी दिल्लीत राहिले ती भाजीवाला, मेट्रो आणि ऑफिस एवढ्यात. पोलीस चौकीची पायरी देवाने चढायला लावली नाही. त्याचे हे परिणाम. मराठीत त्याच शब्दाने नोकरी कशी सोडायला लागले, देव जाणे. जाणारा राजीखुशीने जातोय असं दाखवायची आपली जुनी हौस असणार.

मी हे सगळं तिथल्या तिथे सांगितलं. म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. मध्येच मला हसू फुटलं आणि ते थांबेना. अश्विनी हसायची का रडायची ते ठरवत होती, आणि दोन्ही एकदम करायला लागली. साहेब मात्र हसले नाहीत. मग एक वाक्य बोलले. ते वाक्य मी शेवटासाठी राखून ठेवलं आहे, घाई करू नका.

त्यांनी पेनाच्या टोकाने आयडी कार्ड परत तिच्याकडे सरकवलं. तिच्या कागदाच्या चार घड्या करून डगमगत्या प्रिंटरखाली ठेवल्या. तो प्रिंटर तेव्हापासून हलत नाही.

पण खरा प्रश्न तसाच होता. साहेब म्हणाले, 'राज़ीनामा तभी पक्का, जब गोले का फ़ैसला हो। त्रिपाठी जी, माताजी से ही पूछ लीजिए।'

त्रिपाठी जींनी फोन लावला, स्पीकरवर. 'अम्मा, ई बताव, तू कवन भाषा बोलेलू?'

'भाषा?' पलीकडून मोठा, करारी आवाज आला.

'हँ अम्मा, भाषा।'

'भाषा त टीवी वाला बोलेला। हम त बतियाइले।' म्हणजे, भाषा टीव्हीवाले बोलतात, मी आपली गप्पा मारते. आणि लगेच, 'तू खाना खइलऽ?'

म्हणजे, जेवलास का? जगातली कुठलीच यादी या बाईंना धरू शकत नव्हती. त्या कोणत्याच गोलात नव्हत्या, आणि बहुधा जगातले निम्मे लोक त्यांच्याशेजारी बसले होते.

दुसऱ्या दिवशी क्लायंटला आम्ही मॉक-अप दाखवला, पण बदलून. भिंतीखाली एक दांडा. डावीकडे ओढला, की आईकडून आलेली भाषा मोजायची. उजवीकडे ओढला, की नंतर शिकलेलेही धरायचे. त्याप्रमाणे गोलांचे दिवे फुगणार आणि आटणार. हिंदी आणि उर्दू वेगळ्या, पण एकमेकींना खेटून, मधली रेघ पुसट. आणि खाली कोपऱ्यात एक लहान बटण, त्यावर आकडा नाही, नंबर नाही. दाबलं, की त्रिपाठी जींच्या अम्मा विचारतात, 'खाना खइलऽ?'

क्लायंटने विचारलं, 'पर नंबर वन कौन है?' अश्विनी म्हणाली, 'सर, जिस तरफ़ दांडा खींचेंगे।' दांड्याला हिंदीत दांडा म्हणत नाहीत, पण तो समजला. पास झालं.

गॅलरी सुरू झाल्यावर मी एकदा बघून आले. आकडे कोणी वाचत नाही. पोरं नुसता दांडा इकडून तिकडे ओढतात, इंग्रजी आटली की टाळ्या वाजवतात आणि अम्मांचं बटण दाबायला रांग लावतात. मराठी दर खेपेला थोडी वर-खाली होते. मी आता तिकडे लक्ष देत नाही.

अश्विनीला पुढच्या आठवड्यात पक्कं होण्याचं पत्र मिळालं. मिक्सरमधली पहिली शेंगदाण्याची चटणी तिने त्रिपाठी जींसाठी आणली. त्यांनी ती पराठ्याबरोबर खाल्ली आणि सबंध पॅन्ट्रीत जाहीर केलं, की हा महाराष्ट्राचा सत्तू आहे. निळा मार्कर अजून त्यांच्याकडेच आहे.

आता धडा. आमच्या कंपनीत कुठलाही मजकूर बाहेर जाण्याआधी त्याचं बॅक-ट्रान्सलेशन होतं. म्हणजे मूळ न पाहिलेल्या माणसाकडून तो उलट भाषांतर करून घ्यायचा आणि अर्थ जुळतो का ते बघायचं. वॉशिंग मशीनच्या झाकणावरच्या सूचनेचंही होतं. साहेबांच्या वाक्याचं कोणी करत नाही. मी आता करते. दिल्लीत कोणी हसऱ्या चेहऱ्याने भयंकर काही सांगितलं, की मी आधी विचारते, 'मतलब?'

आणि हो, साहेबांचं ते वाक्य. माझं स्पष्टीकरण ऐकून झाल्यावर ते कितीतरी वेळ आयडी कार्डाकडे बघत राहिले. एकदा अश्विनीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग न राहवून, बाहेरच्या की-बोर्डांनाही ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं:

'मतलब आपके महाराष्ट्र में झगड़ा निपटाने के लिए नौकरी छोड़नी पड़ती है?'